ग्रिडचा भरवसा विकत घेताना: कोणती सेवा वाईट दिवशी कामाला आली

वीज घेणाऱ्याला बिलात युनिट दिसतात. बटण दाबलं की दिवा लागेलच, ही हमी मात्र त्या युनिटमध्ये नसते. ती ग्रिड चालवणारी संस्था वेगवेगळ्या सेवा म्हणून बाजारातून घेते आणि त्यांचा खर्च वहन आकारात किंवा इतर आकारांत मिसळून आपल्याकडे येतो. नावं देशागणिक बदलतात, माल बहुतेक तोच असतो: टंचाईच्या तासांत चढणारा दर, राखीव क्षमतेचा करार, फ्रिक्वेन्सी सावरणारी राखीव शक्ती, व्होल्टेज धरून ठेवण्याची सेवा, मागणी कमी करण्याची सेवा, आणि सगळं बंद पडल्यावर ग्रिड शून्यातून उभं करणारी ब्लॅक स्टार्ट सेवा.

या सेवा इथे एकाच कसोटीवर तपासल्या आहेत. करारात किती मेगावॅट लिहिले होते हे बाजूला ठेवायचं आणि सगळ्यात वाईट दिवशी हातात किती पडले ते पाहायचं. एक खुलासा आधीच करायला हवा. घरची वीज जाते ती बहुतेक वेळा वितरणातल्या बिघाडामुळे: तारेवर फांदी पडली, रोहित्र जळलं, फीडर (उपकेंद्रातून वस्तीला वीज नेणारी वाहिनी) ट्रिप झाला. त्या दुखण्यावर यातली एकही सेवा लागू पडत नाही. हा आढावा निर्मिती आणि उच्चदाब पारेषणाच्या पातळीवरच्या भरवशाचा आहे. तिथे चूक झाली तर गल्ली नाही, अख्खं राज्य किंवा देश अंधारात जातो.

टंचाईचा दर

टेक्सासच्या बाजारात फक्त ऊर्जेला पैसे मिळतात. केंद्र सज्ज ठेवल्याबद्दल वेगळा मोबदला नाही. विकलेल्या युनिटचेच पैसे. यामागचा विचार असा की वर्षातल्या मोजक्या तासांत दर प्रचंड चढेल आणि त्या कमाईवर एरवी बंद असणारी केंद्रंही तग धरतील. २०२१ मध्ये दराची कमाल मर्यादा मेगावॅट-तासाला ९,००० डॉलर होती, म्हणजे युनिटला ९ डॉलर. १०० मेगावॅटचं केंद्र या दराने फक्त २० तास चाललं तरी १ कोटी ८० लाख डॉलर मिळतात. कागदावर याहून मोठं आमिष सापडणार नाही.

त्या फेब्रुवारीत थंडीची लाट आली आणि १५ तारखेच्या मध्यरात्रीनंतर संच एकामागून एक बंद पडत गेले. प्रवाह सेकंदाला किती वेळा उलटसुलट होतो ती फ्रिक्वेन्सी; निर्मिती मागणीला कमी पडली की ती घसरते. तिथे ती ६० हर्ट्झ असते, ती ५९.३ पर्यंत घसरली. ५९.४ च्या खाली ती ४ मिनिटं २३ सेकंद राहिली. नऊ मिनिटं राहिली असती तर उरलेल्या जनित्रांनी स्वतःच्या बचावासाठी ग्रिड सोडलं असतं आणि पूर्ण काळोख झाला असता. ते टाळायला २०,००० मेगावॅटपर्यंतचा भार तोडावा लागला. ४५ लाखांहून जास्त घरांची वीज गेली. सरकारी मोजणीनुसार २४६ जणांचा जीव गेला.

दर त्या वेळी कमाल मर्यादेला टेकून होता आणि दिवसेंदिवस तिथेच राहिला. तरीही वीज आली नाही, कारण गोठलेल्या पाइपला दर कळत नाही. केंद्रीय यंत्रणांच्या चौकशीत संच बंद पडण्याची ४४.२ टक्के कारणं गोठण्याची आणि ३१.४ टक्के इंधनाची निघाली. दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या गोठल्या की नियंत्रण यंत्रणेला चुकीचे आकडे जातात आणि संच ट्रिप होतो. त्या नळ्यांना गरम ठेवणारी तार, आवरण, वारा अडवणारा आडोसा हे सगळं उन्हाळ्यातच बसवावं लागतं. दराचा इशारा मिळतो तो वादळाच्या रात्री, आणि त्याची कमाई दहा वर्षांतून एखाद्या वेळी. कुठल्याही कंपनीचा हिशेबनीस अशा भरवशावर आज खर्च मंजूर करणार नाही. २०११ मधल्या थंडीनंतरही याच शिफारशी झाल्या होत्या. त्या ऐच्छिक होत्या, म्हणून कागदावर राहिल्या.

दुसरा दोष तर फुकटात सुटण्यासारखा होता. गॅस पुढे ढकलणारे काही कॉम्प्रेसर ज्या फीडरवर होते, ते फीडर भारनियमनाच्या यादीत होते, कारण अत्यावश्यक ग्राहक म्हणून त्यांची नोंदच कोणी केलेली नव्हती. वीज वाचवायला तोडलेल्या फीडरमुळे वीजकेंद्रांचाच गॅस अडला. कोणत्याही ग्रिडने वर्षातून एकदा ही यादी इंधनपुरवठ्याच्या नकाशावर ठेवून तपासली पाहिजे. त्याला एक आठवडा आणि दोन अभियंते पुरतात.

नंतर टेक्सासने थंडीपासून बचावाची साधनं कायद्याने सक्तीची केली, २०२२ पासून कमाल मर्यादा ५,००० डॉलरवर आणली आणि घाऊक दर जसाच्या तसा घरगुती ग्राहकाच्या बिलात टाकणाऱ्या योजनांवर बंदी घातली. ही बंदी योग्य होती. ज्या घरात हीटरशिवाय रात्र निघत नाही, त्याला दर पाहून वापर कमी करा असं सांगणं म्हणजे बाजार नव्हे.

मर्यादा खूप खाली ठेवली तर वेगळंच दुखणं उभं राहतं. जून २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या बाजारात दर इतके दिवस चढे राहिले की नियमाप्रमाणे मेगावॅट-तासाला ३०० ऑस्ट्रेलियन डॉलरची आपत्कालीन मर्यादा लागू झाली. त्याच काळात गॅसवरही गिगाज्यूलला ४० डॉलरची मर्यादा होती. साध्या गॅस टर्बाइनला एका मेगावॅट-तासासाठी अंदाजे ११ ते १२ गिगाज्यूल गॅस लागतो. नुसतं इंधनच ४४० ते ४८० डॉलरचं झालं आणि विक्री ३०० ला. केंद्रांनी बाजारातून देकार काढून घेतले. बाजार चालवणाऱ्या संस्थेला एकेका केंद्राला आदेश देऊन वीज काढावी लागली, आणि १५ जूनला संपूर्ण घाऊक बाजार स्थगित करावा लागला. तो २४ तारखेला पूर्ववत झाला. दोन आकड्यांचा गुणाकार आधी झाला असता तर हे कळलं असतं. पुढे ती मर्यादा ६०० वर नेली.

दंडाच्या दराचीही तीच गोष्ट. भारतात २०१२ मध्ये वेळापत्रकापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्या राज्याला फ्रिक्वेन्सीनुसार चढता दर भरावा लागे. पैसे भरले की जास्त ओढायला परवानगी मिळाली, असाच त्याचा अर्थ लावला गेला. ३० जुलैच्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी आधीच ताणलेली बीना–ग्वाल्हेर ४०० केव्ही वाहिनी सुटली आणि उत्तर ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही गेली. फ्रिक्वेन्सी घसरल्यावर आपोआप भार तोडणारे रिले जेवढा दिलासा द्यायला हवे होते तेवढा देऊ शकले नाहीत. नंतरच्या नियमांत दरासोबत किती मेगावॅटपर्यंत विचलन चालेल याची हद्दही घातली आणि फ्रिक्वेन्सीचा पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ असा आवळला. ती हद्द घालणंच खरं कामाचं ठरलं.

टंचाईच्या दराबद्दल निकाल असा: जी केंद्रं आज धडधाकट आहेत त्यांच्यातली कोणती, किती वाजता, किती चालवायची हे ठरवायला याहून चांगलं साधन नाही. जे बांधायचं, झाकायचं, दुरुस्त करायचं आहे ते या दराने होत नाही.

राखीव क्षमतेचा करार

इथे केंद्राला वीज विकल्याबद्दल नाही, गरज पडेल तेव्हा हजर राहण्याबद्दल पैसे मिळतात. अमेरिकेतल्या १३ राज्यांत आणि राजधानीत पसरलेल्या पीजेएम बाजारात २००७ पासून असा लिलाव होतो. मूळ रचनेत तो तीन वर्षं आधी व्हायचा.

७ जानेवारी २०१४ च्या थंडीत तिथली सुमारे २२ टक्के क्षमता बंद होती. पैसे घेतलेली केंद्रं हजर नव्हती. त्यावर नियम कडक केले: आणीबाणीच्या तासांत गैरहजर राहिलात तर जबर दंड, जास्त दिलंत तर त्याच दंडातून बक्षीस. रचना चांगली होती. तिची परीक्षा डिसेंबर २०२२ च्या थंडीत झाली आणि २४ तारखेच्या सकाळी जवळपास ४७,००० मेगावॅट, म्हणजे ताफ्याचा अंदाजे चौथा हिस्सा, बंद होता. त्यातला मोठा भाग गॅसवरच्या केंद्रांचा. दंडाची रक्कम सुमारे १.८ अब्ज डॉलर झाली आणि मग तडजोडीत ती सुमारे १.२५ अब्जांवर आणली गेली.

या तडजोडीचं नुकसान पैशांत मोजता येत नाही. दंड होईल म्हणून जे इन्शुलेशन घालतात, दुहेरी इंधनाची टाकी भरून ठेवतात, पक्का गॅस करार करतात, त्यांना कळून चुकतं की शेजाऱ्याने यातलं काही न करता सवलत मिळवली. पुढच्या वेळी ते तरी खर्च का करतील? दुसरी बाजूही सांगायला हवी: इतकी क्षमता जाऊनही पीजेएमने त्या दिवशी भार तोडला नाही, तर शेजारच्या काही ग्रिडना तोडावा लागला. जादा घेतलेल्या क्षमतेने तेवढं काम केलं.

आता मूळ चूक कुठे होती ते पाहू. क्षमता मोजताना प्रत्येक संच स्वतंत्रपणे बिघडतो असं गृहीत धरलं जात होतं. समजा १०० सारखे संच आहेत आणि प्रत्येक ५ टक्के वेळ बिघडलेला असतो. बिघाड एकमेकांशी संबंधित नसतील तर एकाच वेळी २० हून जास्त बंद असण्याची शक्यता जवळजवळ शून्य येते. पण ४० संच एकाच गॅसवाहिनीवर असतील आणि थंडीने त्या वाहिनीचा दाब उतरला तर ते एकत्रच जातात. म्हणून आता टंचाईच्या तासांत कोण किती उपयोगी पडतो यावरून प्रत्येक प्रकाराची क्षमता कमी करून धरतात. सूर्यास्तानंतर मागणीची शिखरवेळ असेल तर सौर प्रकल्पाची धरलेली क्षमता खूप कमी, चार तासांच्या बॅटरीची तिच्या पाटीपेक्षा कमी, आणि गॅसचीसुद्धा आता पूर्ण नाही. ही सुधारणा कितीही किचकट वाटली तरी अत्यंत गरजेची होती.

तिच्यासकट लिलाव झाला तेव्हा दर मेगावॅट-दिवसाला २८.९२ डॉलरवरून २०२५–२६ साठी २६९.९२ वर गेला, आणि २०२६–२७ साठी मर्यादेला टेकून ३२९.१७ वर थांबला. कारणं अनेक होती: डेटा सेंटरची वाढती मागणी, जुनी केंद्रं बंद होणं, आणि खरी क्षमता प्रथमच खरेपणाने मोजणं. लोकांना महागाई दिसली. त्यातला काही भाग आधी फुकट धरलेल्या खोट्या भरवशाची थकबाकी आहे, हे फारसं कोणी सांगितलं नाही.

ब्रिटनचा अशाच प्रकारचा बाजार डिसेंबर २०१४ च्या पहिल्या लिलावाने सुरू झाला. पहिला दर किलोवॅटला वर्षाला १९.४० पौंड होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाच्या निकालामुळे तो थांबला आणि जवळपास वर्षभराने पुन्हा मार्गी लागला. त्यातलं एक कलम घेणाऱ्याने नीट वाचावं: टंचाईची सूचना निघाल्यापासून चार तासांनी जबाबदारी सुरू होते. थंडीची लाट, वारा पडणं, इंधनाचा तुटवडा यांसाठी चार तास ठीक आहेत. ग्रिड मात्र कित्येकदा चार सेकंदांत पडतं.

फ्रिक्वेन्सी सावरणारी राखीव शक्ती

९ ऑगस्ट २०१९ ला संध्याकाळी ४ वाजून ५२ मिनिटांनी ब्रिटनमध्ये एका पारेषण वाहिनीवर वीज कोसळली. वाहिनीच्या संरक्षणाने दोष काढून टाकला, तिथवर सगळं ठीक झालं. पण त्या धक्क्याने हॉर्नसी समुद्री पवनप्रकल्पातली ७३७ मेगावॅट निर्मिती गेली, लिटल बारफर्ड गॅसकेंद्राची २४४ मेगावॅटची वाफेची टर्बाइन गेली, आणि वितरण जाळ्यात विखुरलेली छोटी निर्मितीही सुटली. पुढच्या काही मिनिटांत एकूण तोटा १,८०० मेगावॅटच्या वर पोचला. राखीव होतं १,००० मेगावॅटच्या तोट्यापुरतं. फ्रिक्वेन्सी ४८.८ हर्ट्झला आली, आपोआप भार तोडणारे रिले चालले आणि सुमारे ११ लाख ग्राहक बंद झाले. पाऊण तासात ते परत जोडले गेले. लोकांना जास्त त्रास झाला तो रेल्वेत: एका प्रकारच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर ४९ हर्ट्झच्या खाली कुलूपबंद झालं आणि काही गाड्यांना तंत्रज्ञ जाऊन सुरू करेपर्यंत रुळांवरच थांबावं लागलं.

छोटी निर्मिती का सुटली, यातच या सेवेचं मर्म आहे. फ्रिक्वेन्सी किती वेगाने पडते हे फिरणाऱ्या यंत्रांत साठलेल्या ऊर्जेवर अवलंबून असतं. हिशेब सोपा आहे: गेलेले मेगावॅट गुणिले ५० (तिथली ठरलेली फ्रिक्वेन्सी), भागिले साठलेल्या ऊर्जेची दुप्पट. साठलेली ऊर्जा २,००,००० मेगावॅट-सेकंद असेल आणि १,००० मेगावॅट गेले तर उत्तर येतं सेकंदाला ०.१२५ हर्ट्झ. ब्रिटनमधल्या जुन्या छोट्या प्रकल्पांचे संरक्षण रिले नेमके याच आकड्यावर लावलेले होते. त्याहून जोरात घसरण झाली की आपला भाग ग्रिडपासून तुटला असं समजून ते बंद होत. जड टर्बाइन कमी होत गेल्या, साठलेली ऊर्जा घटली आणि एकेकाळचं सुरक्षित सेटिंगच धोक्याचं झालं. नंतर तिथे हजारो ठिकाणी सेटिंग सेकंदाला १ हर्ट्झवर नेण्याचा कार्यक्रम राबवला गेला. एक नवं केंद्र बांधण्याच्या तुलनेत हा खर्च नगण्य, आणि फायदा त्याहून मोठा.

ऑक्टोबर २०२० पासून ब्रिटनने घेतलेली जलद प्रतिसादाची सेवा या आढाव्यातली सगळ्यात नीट लिहिलेली वस्तू आहे. प्रतिसाद अर्ध्या सेकंदात सुरू व्हायला हवा आणि एका सेकंदात पूर्ण. ०.०१५ हर्ट्झपर्यंतच्या फरकाला काही करायचं नाही, ०.२ पर्यंत फक्त ५ टक्के, आणि ०.५ हर्ट्झला पूर्ण शक्ती. आकडे तपासण्याजोगे, मोजणी सेकंदाच्या अंशांत. बॅटरीला हे काम जन्मजात जमतं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हॉर्न्सडेल इथल्या १०० मेगावॅट, १२९ मेगावॅट-तासांच्या बॅटरीने डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाल्यावर दोन आठवड्यांतच ते दाखवलं. शेकडो किलोमीटर दूरच्या लॉय यांग केंद्राचा ५६० मेगावॅटचा संच सुटला तेव्हा तिने सेकंदाच्या आत वीज ओतायला सुरुवात केली. मात्र तिचा वाटा त्या वेळी ७.३ मेगावॅट होता, हेही सांगायला हवं. बातम्यांत तो आकडा बहुधा गाळला गेला. बॅटरी काय करू शकते याचा तो नमुना होता, तिने ग्रिड वाचवलं असं म्हणता येणार नाही.

ही सेवा घेताना बिघाड कुठे होतात ते लक्षात ठेवावं. बॅटरी त्या क्षणी रिकामी किंवा तुडुंब असेल तर एका दिशेने ती निरुपयोगी ठरते. म्हणून चार्जची पातळी सतत कळवण्याचं बंधन हवं. फ्रिक्वेन्सी मोजणारं यंत्र दोषाच्या वेळच्या विस्कटलेल्या लहरीला फसतं आणि चुकीचा आकडा देतं. म्हणून प्रतिसादाचा वेग वाढवताना मोजणीची गाळणीही तपासावी लागते. आणि एकाच बनावटीचे इन्व्हर्टर (बॅटरी, सौर आणि पवन प्रकल्पांची वीज ग्रिडला जोडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं) एकाच सेटिंगवर असतील तर ते एकत्रच चुकतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ ला तेच झालं. वादळाने मनोरे पाडले, दोन मिनिटांत व्होल्टेज सहा वेळा खाली गेलं, आणि ठरावीक वेळा धक्का बसला की थांबायचं असं सेटिंग असलेल्या पवनचक्क्यांनी सात सेकंदांहून कमी वेळात ४५६ मेगावॅट सोडले. त्या सेटिंगची कल्पना ग्रिड चालवणाऱ्यांना नव्हती. सगळा ताण शेजारच्या राज्याशी जोडणाऱ्या वाहिनीवर आला, ती सुटली, आणि साडेआठ लाख ग्राहकांसह राज्य अंधारात गेलं. इन्व्हर्टरच्या सेटिंगची फाइल ग्रिडकडे जमा केल्याशिवाय जोडणी देऊ नये. हा नियम कोणत्याही देशाला परवडतो.

व्होल्टेज

या सेवेला सगळ्यात कमी गुण, आणि दोष सेवेचा नाही. बहुतेक बाजारांत ती धड विकतच घेतली जात नाही.

२८ एप्रिल २०२५ ला दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी स्पेन आणि पोर्तुगाल बंद पडले. वीज कमी नव्हती. दुपारचं ऊन होतं, सौर निर्मिती भरपूर होती, दर तळाला होते. बाजाराच्या दृष्टीने दिवस उत्तम होता. पण व्होल्टेज चढत गेलं. त्या सकाळी ग्रिडमध्ये आधी दोलनं, म्हणजे फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेजचे हेलकावे, दिसली. ती शमवायला वाहिन्या जोडल्या आणि निर्यात घटवली. वाहिन्या हलक्या झाल्या की त्याच रिअॅक्टिव्ह शक्ती (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज चढवणारी किंवा शोषली तर उतरवणारी शक्ती) तयार करतात आणि व्होल्टेज आणखी वाढतं. प्रकल्प जास्त व्होल्टेजमुळे सुटू लागले. प्रत्येक सुटणाऱ्यामुळे उरलेल्यांवरचं व्होल्टेज आणखी चढलं. काही सेकंदांत सुमारे १५,००० मेगावॅट गेले. युरोपीय तज्ज्ञ गटाच्या मते व्होल्टेज चढल्यामुळे साखळीने कोसळलेलं युरोपातलं हे पहिलं ज्ञात ग्रिड.

अक्षय ऊर्जेचे प्रकल्प तिथे ठरावीक पॉवर फॅक्टरवर, म्हणजे खऱ्या आणि रिअॅक्टिव्ह शक्तीचं प्रमाण बांधून, चालत होते. नियमच तसा होता. व्होल्टेज पाहून प्रतिसाद द्यायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याचे पैसेही नव्हते. त्यांचे इन्व्हर्टर हे करू शकतात, सेटिंग बदलायचं असतं. व्होल्टेज धरायला नेमलेली औष्णिक, वायू आणि अणु केंद्रं त्या दिवशी दहाच होती, आणि सरकारी अहवालानुसार त्यांनीही अपेक्षेएवढी रिअॅक्टिव्ह शक्ती शोषली नाही. शिवाय स्पेनमध्ये ४०० केव्हीच्या ग्रिडला ४३५ केव्हीपर्यंत चालवण्याची मुभा होती. युरोपात इतरत्र मर्यादा सहसा ४२० आहे. प्रकल्पांचं संरक्षण जिथे सुटतं त्या आकड्याच्या इतक्या जवळ चाललात तर चुकायला जागा उरत नाही.

इथे एक तांत्रिक अडचण बाजाराला मान्य करावी लागते. फ्रिक्वेन्सी सगळ्या ग्रिडभर एकच असते, राखीव कुठेही असलं तरी चालतं. व्होल्टेज स्थानिक असतं. तीनशे किलोमीटरवरच्या केंद्राने शोषलेली रिअॅक्टिव्ह शक्ती इथे उपयोगी पडत नाही. म्हणून देशव्यापी एकच लिलाव निरर्थक ठरतो. प्रत्येक भागाची गरज वेगळी काढून दीर्घ करार करणं, किंवा सिंक्रोनस कंडेन्सर बसवणं हेच मार्ग उरतात. हा कंडेन्सर म्हणजे इंधन न जाळता फिरत राहणारं जड यंत्र. तो जडत्वही (फ्रिक्वेन्सीची घसरण मंदावणारी फिरती ऊर्जा) देतो आणि व्होल्टेजही धरतो. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०१६ नंतर असे चार बसवले, दोन डेव्हनपोर्टला आणि दोन रॉबर्टस्टाउनला. ब्रिटनने २०२० मध्ये जडत्वासाठीच स्वतंत्र करार केले. स्पेनने घटनेनंतर नियम बदलून अक्षय प्रकल्पांनाही व्होल्टेज नियंत्रणात घेण्याचा मार्ग मोकळा केला. हे काम आधी व्हायला हवं होतं.

मागणी कमी करणारी सेवा

कॅलिफोर्नियात ६ सप्टेंबर २०२२ ला मागणी ५२,०६१ मेगावॅटच्या विक्रमाला पोचली. संध्याकाळी पावणेसहाला २.७ कोटी फोनवर वीज वाचवण्याचा संदेश गेला आणि थोड्याच मिनिटांत मागणी सुमारे २,००० मेगावॅटने उतरली. भार तोडावा लागला नाही. दोनच वर्षं आधी, ऑगस्ट २०२० मध्ये, तिथेच सूर्यास्ताच्या वेळेला दोन संध्याकाळी आळीपाळीने वीज बंद करावी लागली होती.

संदेश मोलाचा, पण त्याला सेवा समजू नये. दर आठवड्याला पाठवला तर कोणी पाहणार नाही. करार करून घेतलेली मागणीकपात मोजायला अवघड असते, कारण वापर झालाच नाही तो मीटरला कसा दिसणार? त्यासाठी आधीच्या दिवसांच्या सरासरीवरून आधाररेषा काढतात. उष्णतेच्या लाटेत ती सरासरी खऱ्या मागणीपेक्षा कमी पडते आणि प्रामाणिक ग्राहकावर अन्याय होतो. लबाड ग्राहक आधीचे दिवस मुद्दाम वापर वाढवून फुकटची कपात दाखवतो. यापेक्षा शीतगृहाचे कॉम्प्रेसर, पाणी चढवणारे पंप, वाहनांचे चार्जर यांच्यावर स्वतंत्र मीटर आणि रिमोट स्विच लावून घेतलेली कपात भरवशाची. थोडी घ्यावी, पण अशीच घ्यावी.

ब्लॅक स्टार्ट

वर्षानुवर्षं पैसे द्यायचे आणि कधीच वापर होऊ नये अशी इच्छा धरायची, अशी ही सेवा. त्यामुळेच तिच्यात सगळ्यात जास्त गंज साचतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१६ च्या त्या संध्याकाळी करारातली दोन्ही केंद्रं चालली नाहीत. क्वारंटाइन केंद्रात छोट्या संचावरून मोठा संच उठवायला वीज देताना ब्रेकर ट्रिप झाला. मिंटारोत आपत्कालीन डिझेल जनित्रच सुरू होऊन काही सेकंदांत बिघडलं. राज्य परत उभं राहिलं ते मुख्यतः शेजारच्या राज्यातून वाहिनीवरून वीज आणून. टेक्सासमध्येही त्या आठवड्यात ब्लॅक स्टार्टसाठी नेमलेले अनेक संच कधी ना कधी बंद पडले होते. पूर्ण काळोख झाला असता तर कोणाच्या बळावर उठायचं होतं, हा प्रश्न नऊ मिनिटांच्या त्या मर्यादेइतकाच गंभीर आहे.

पोर्तुगालने २०२५ मध्ये कास्तेलो द बोड जलविद्युत केंद्र आणि तापादा दो औतेइरो वायुकेंद्र यांच्या आधाराने मध्यरात्रीपर्यंत ग्रिड उभं केलं. जलविद्युत इथे नेहमी सरस ठरते: दरवाजा उघडायला थोडी वीज पुरते, इंधनाची साखळी नाही, आणि टर्बाइन भाराचे मोठे टप्पे पेलते.

करारात पुढच्या गोष्टी नसतील तर त्यावर सही करू नये. चाचणी नुसती डिझेल जनित्र चालवून दाखवण्याची नको. बंद बसबारला (उपकेंद्रातल्या वाहिन्या जिथे एकत्र जोडतात त्या पट्टीला) प्रत्यक्ष वीज देऊन, मोठं रोहित्र आणि एक लांब वाहिनी चार्ज करून, पुढच्या केंद्राच्या पंपांना पुरवठा देईपर्यंतची हवी. रोहित्र चार्ज होताना पहिल्या क्षणी येणारा प्रचंड प्रवाह आणि रिकाम्या लांब वाहिनीच्या टोकाला चढणारं व्होल्टेज, या दोन जागांवर कागदी योजना मोडतात. स्विचिंगचा क्रम चाचणीत आणि खऱ्या वेळी एकच असावा, आणि उपकेंद्रात काही बदल झाला की चाचणी पुन्हा व्हावी. भार एका वेळी उठलेल्या क्षमतेच्या साधारण ५ टक्क्यांहून मोठा जोडू नये. बराच वेळ बंद असलेला फीडर जोडला की सगळे फ्रिज, पंप, वातानुकूलक एकदम सुरू होऊन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात, हे धरूनच फीडर निवडावेत. उपकेंद्रातल्या बॅटऱ्या आणि संपर्कयंत्रणा किती तास टिकतात ते लेखी घ्यावं, कारण ब्रेकर जोडायलाही वीज लागते आणि मोबाइल मनोऱ्यांच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात. डिझेलची टाकी भरलेली आहे एवढ्यावर थांबू नये. त्यातलं तेल किती महिन्यांचं जुनं आहे तेही विचारावं.